सरकारी नोकरीत स्त्री-पुरुषांना पगार सारखा, मग खासगीत कमी-जास्त का?

ताई, तुमच्या वहिनी जिल्हा परिषदेत लिपिक आहेत, त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळतो. मग नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत तुमच्याच शेजारी बसून तेच अकाउंट्सचं काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला 3,000 जास्त कसे आणि आता करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

सरकारी पगार पदाला ठरलेला असतो. लिपिक-टंकलेखक म्हणजे वेतनश्रेणी एस-6, मूळ वेतन 19,900 पासून, वर्षाला 3 टक्के वाढ. मुलाखतीत घासाघीस नाही. तिथे फरक पडतो तो पुढे, पदोन्नतीत. बढतीसाठी लांबच्या ठिकाणी जायचं असेल तर घरच्या जबाबदारीपायी अनेकदा बाईलाच नकार द्यावा लागतो आणि नकार दिला की 10-20-30 वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेचा (बढती नाही मिळाली तरी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) लाभही हुकतो. वहिनींना हे सांगून ठेवा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई तर वेतनश्रेणीच्या बाहेरच, त्यांच्या हाती फक्त मानधन. सरकारी व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय मला हाच वाटतो.

खासगीत खड्डा रुजू होतानाच पडतो, कारण ऑफर बहुतेकदा आधीच्या पगारावर टक्के चढवून देतात. 22,000 आणि 25,000 वर दोघांना दरवर्षी सारखीच 8 टक्के वाढ दिली, तरी पाच वर्षांनी फरक 4,400 होतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतही तो उतरतो.

तुलना सीटीसीची (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) करू नका, त्यात कंपनीचा पीएफ आणि इन्सेंटिव्हही मिसळलेले असतात. पगारपत्रकातलं बेसिक आणि ठरलेले भत्ते बघा. मग दोघांचं काम एकच असल्याचे कागद जमवा: जाहिरात, नेमणूकपत्र, काम सोपवल्याचे मेल. सहकाऱ्याच्या पदापुढे नुसतं 'सीनियर' लावून कंपनी सुटत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता (पगाराविषयीचा केंद्रीय कायदा) काम सारखं आहे का हे ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी पाहते. त्याचा अनुभव खरोखरच जास्त असेल, तर मात्र दावा टिकणं कठीण.

एचआरला विचारायचं ते मेलवरच, तोंडी विचारलेलं पुढे सिद्ध करणं कठीण जातं. उत्तर आलं नाही तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून रेंगाळू नका. आणि त्या सहकाऱ्यालाही सांगा, बरोबरी साधायला त्याचा पगार कमी करणं कायद्याने चालत नाही. ही धास्ती गेली की तो पगारपत्रक दाखवायला तयार होण्याची शक्यता वाढते.