ढोलकीचा हात अन् विद्यापीठातली नोकरी

ताई, तुमचा मुलगा बारावीत आहे, गावच्या भजनात ढोलकी वाजवतो अन् पुढे विद्यापीठात तबला शिकवायचं म्हणतो. जमेल का, असं तुम्ही विचारलंत. मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, तबला शिकवूनच निवृत्त झालो. जमतं, पण वेळ फार खातं.

माझी सुरुवात मंडईतल्या (आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या) दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात झाली. दिवाळीनंतर रात्र-रात्र ढोलकी वाजवायची. लय पक्की होती अन् तिचाच ताठा होता. बारावीनंतर गोंदियाहून रेल्वेने डोंगरगड, तिथून बसने छत्तीसगडातलं खैरागड गाठलं. १९५६ साली राजवाड्यात सुरू झालेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तिथलं. गुरुजींनी पहिल्या दिवशी नुसता 'ना' हा एकच बोल वाजवायला लावला. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकवायची अन् तर्जनीने चाटीवर (काठाच्या चामड्याच्या पट्टीवर) वाजवायचं, एवढंच. ढोलकीवर मोकळ्या पंजाची सवय, त्यामुळे माझी अनामिका दर वेळी उचलली जायची. गुरुजी बोलायचे नाहीत, तिच्यावर आपलं बोट ठेवून बसायचे. दोन महिने तेच. सुट्टीत गावी आलो तर भजनवाले म्हणाले, "पोट्टं शिकाले गेलं अन् होतं तेही विसरून आलं!"

खरी अडचण पुढे आली. मी वाजवायचो, पण काय वाजवलं ते तोंडाने सांगता येत नव्हतं. शिक्षकाला आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, लागते. तुमच्या मुलाला आजपासूनच टाळी देत बोल म्हणायला लावा. ढोलकी मात्र सोडवू नका. भजनी ठेका अन् धुमाळी, दोन्ही ताल आठ मात्रांचे. पुस्तकातून शिकून आलेले माझे विद्यार्थी ते बिनचूक वाजवायचे, पण लग्गी (ठेक्यातलं जलद, खेळकर वादन) डोलायची नाही. तिथे माझी दंडारच कामी आली.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या विशारद या संगीत परीक्षेवर भागत नाही. सहायक प्राध्यापकासाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) अन् नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत कलावंतांसाठी दुसरी वाट आहे. पदवी, नामवंत गुरूंकडची तालीम अन् आकाशवाणी-दूरदर्शनची कलावंत म्हणून 'ए' श्रेणी असली, शिवाय शास्त्र समजावून शिकवता आलं तर चालतं. ती श्रेणी नेटपेक्षा सोपी समजू नका. जाहिरातीत 'तबला संगतकार' लिहिलं असेल तर ते वेगळं पद, गायनाच्या वर्गाला साथ करायची. मी आधी सात वर्षं तासिका तत्त्वावर काढली. एका कॉलेजने आठ महिने मानधन दिलं नाही, तेव्हा लग्नांतल्या ऑर्केस्ट्रावर घर चाललं.

तबला घ्याल तर कूलरसमोर ठेवू देऊ नका. ओल्या हवेने त्याचा सूर उतरतो. मी मे महिन्यात गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकून सुरात आणला, तेवढ्यात लाइट गेली, कूलर बंद पडला, हवा कोरडी होऊन चामडं आणखी ताणलं अन् तासाभरात चाट फाटली.