बेचाळीस फरक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख परवा रात्री एका बैठकीत वाचून काढला. टॉल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी आणि पीटर जॅक्सनचे तीन चित्रपट यांच्यातले बेचाळीस फरक तू टिपलेस, तेही पान क्रमांक आणि प्रसंगाचं मिनिट यांसकट. असं काम कुणाच्या सांगण्यावरून होत नाही. पुस्तकावर जीव जडल्याशिवाय इतका राग येत नाही, आणि तुझा तो राग मला मोलाचा वाटतो. पण लेख इतक्यात छापायला देऊ नकोस.

बेचाळीस मुद्दे वाचून चित्रपटात काय काय नाही ते मला कळलं. जे नाही, ते पुस्तकात कशासाठी होतं, हे मात्र दोन-तीन ठिकाणीच कळलं.

मी पंचवीसेक वर्षं कादंबऱ्यांची नभोनाट्यं लिहिली. तीनशे पानं तासाभरात बसवायची म्हणजे कात्री आलीच. सुरुवातीच्या दिवसांत एका कौटुंबिक कादंबरीतली आत्या मी गाळली. विधवा, वय झालेली, ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसणारी बाई. अख्ख्या पुस्तकात तिला मोजून आठ-दहा वाक्यं. रेडिओवर जे पात्र बोलत नाही ते नसल्यातच जमा, असा माझा हिशेब होता. प्रसारणानंतर आठवड्याभरात एका श्रोत्या बाईंचं पोस्टकार्ड आलं. नाटक आवडलं, पण त्या घरातली माणसं एकमेकांशी इतकी दबून का बोलतात ते उमगलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी पुस्तक पुन्हा उघडलं. महत्त्वाचं प्रत्येक बोलणं माजघरात होत होतं, आणि पलीकडे ओटीवर आत्या होती. ती ऐकत असायची म्हणून घर दबून बोलायचं. मी तिला काढलं, आणि घराचं दबणं मात्र तसंच राहू दिलं. नुसता सुपाचा आवाज ठेवला असता तरी पुरलं असतं. मध्येच पाखडल्याचा, मध्येच थांबलेला.

त्या पोस्टकार्डानंतर काहीही गाळण्याआधी मी विचारत आले : हे इथे कोणाचं ओझं उचलून उभं आहे? आणि ते गेलं तर ओझं कोणाच्या डोक्यावर देणार? तुझ्या बेचाळीस मुद्द्यांना हेच विचारून बघ.

तुझा पहिलाच मुद्दा टॉम बॉम्बाडिलचा, रानाकाठी राहणाऱ्या त्या गाणाऱ्या अवलियाचा. त्याला गाळणं ही फसवणूक, असं तू लिहिलंस. मला पटलं नाही. 1981 साली बीबीसीने हीच कादंबरी रेडिओवर आणली. अर्ध्या अर्ध्या तासाचे सव्वीस भाग होते, म्हणजे चित्रपटगृहात दाखवलेल्या तिन्ही चित्रपटांपेक्षा तीन-साडेतीन तास जास्त. तरी तिथेही बॉम्बाडिल नव्हता. (त्यात नायक फ्रोडोचा आवाज इयन होम यांचा होता, आणि वीस वर्षांनी जॅक्सनच्या चित्रपटात तेच फ्रोडोला सांभाळणारा म्हातारा बिल्बो झाले. मला याचं फार अप्रूप आहे.) का गाळला असेल? घालणाऱ्याला अदृश्य करणारी, सगळ्यांना भुरळ पाडणारी आणि फ्रोडोने नष्ट करायला न्यायची ती अंगठी बॉम्बाडिल बोटात घालतो आणि अदृश्य होत नाही. हसतो आणि परत देतो. या जगात अंगठीची मात्रा चालत नाही अशीही एक जागा आहे, हे वाचकाला त्यातून कळतं. पुस्तकाला हा विसावा परवडतो. चित्रपटाला पहिल्या तासाभरात त्या अंगठीची दहशत प्रेक्षकाच्या पोटात उतरवायची असते, आणि तिला हसणारा माणूस तिथे आला तर ती दहशत पुन्हा उभी राहत नाही. मी असते तरी गाळला असता.

पण बॉम्बाडिल गेल्यामुळे खरी तूट कुठे पडली, ते तुझ्या यादीत नाही. त्याच्या घरातून निघाल्यावर फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती, बुटक्या जातीचे हे चार हॉबिट, जुन्या थडग्यांच्या टेकड्यांमध्ये अडकतात. बॉम्बाडिल त्यांना सोडवतो आणि थडग्यातल्या खजिन्यातून एकेक सुरी देतो. आपल्या लेखी खंजीर, हॉबिटांच्या हातात तलवार. शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेतल्या माणसांनी अंगमारच्या दुष्ट जादूगार राजाशी लढताना घडवलेली ती पाती. पुढे दोनेक खंड उलटतात. पेलेनॉरच्या रणांगणावर त्या चौघांतला मेरी त्याच राजाच्या गुडघ्यामागे ती सुरी खुपसतो, आणि टॉल्किन थांबून सांगतो की दुसऱ्या कुठल्याही पात्याने, त्याहून बलवान हातात असतं तरी, अशी जखम झाली नसती. ज्या कारागिरांचं राज्य धुळीला मिळालं, त्यांचं काम इतक्या काळानंतर एका घाबरलेल्या, बुटक्या मुलाच्या हातून तडीला गेलं. मी हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले होते. चित्रपटात वेदरटॉप टेकडीवर त्यांचा वाटाड्या अ‍ॅरागॉर्न चौघांना तलवारी वाटतो आणि संपलं. मेरीचा वार तिथेही आहे, पण तो फक्त धाडसाचा वार आहे. पात्याला भूतकाळ उरलेला नाही. यावर दोन पानं लिही. बॉम्बाडिलची गाणी गेली यावर लिहू नकोस.

गाळण्याखेरीज हलवणंही असतं, आणि तुझ्या लेखात त्याची दखल जवळजवळ नाहीच. अंगठी पूर्वी ज्याच्याजवळ होती त्या गोलमला बिल्बोने तेव्हाच मारायला हवं होतं, असं फ्रोडो म्हणतो आणि जादूगार गॅन्डाल्फ त्याला दयेबद्दल सांगतो, तो संवाद घे. पुस्तकात तो दुसऱ्याच प्रकरणात आहे, फ्रोडोच्या घरात. वसंतातली सकाळ, चुलाण्यात विस्तव, खिडकीबाहेर गवत छाटणाऱ्या माळ्याच्या, सॅमच्या कात्रीचा आवाज. गोलम फ्रोडोने तोवर पाहिलेलाही नाही. चित्रपटात हेच बोलणं मोरियाच्या जुन्या खाणींतल्या अंधारात होतं. गॅन्डाल्फला वाट आठवत नाहीये, सगळे बसून आहेत, आणि खालच्या अंधारात फ्रोडोला कुणीतरी हलताना दिसतं. गोलम तीन दिवस त्यांच्या मागावर आहे. शब्द जवळपास तेच आहेत, पण आता ज्याच्या जगण्या-मरण्याबद्दल बोलणं चाललंय तो हाकेच्या अंतरावर आहे. शिवाय थोड्याच वेळात गॅन्डाल्फ खोल दरीत पडणार आहे. त्यामुळे हे बोलणं फ्रोडोजवळ उरलेली त्याची शिदोरी होतं. ही उचल मला मूळ जागेइतकीच, थोडी जास्तच, पटते. कादंबरीत वाचकाजवळ वेळ असतो. दुसऱ्या प्रकरणातलं वाक्य तो हजार पानं सांभाळतो. प्रेक्षकाला ते कामाच्या वेळी हातात द्यावं लागतं.

आणि काही बदल असे असतात की त्यात एकही प्रसंग जात नाही, तरी मोठं नुकसान होतं. पुस्तकात बिल्बोच्या मेजवानीपासून फ्रोडोच्या प्रस्थानापर्यंत सतरा वर्षं जातात. मेजवानीच्या दिवशी फ्रोडो तेहतीस वर्षांचा होतो, आणि निघतो तेव्हा पन्नाशी गाठलेली असते. हॉबिटांच्या हिशेबात हे वय म्हणजे बस्तान बसलेलं वय. स्वतःचं घर, ठरलेल्या फिरायच्या वाटा, ठरलेले मित्र. चित्रपटात ती सतरा वर्षं नाहीत, आणि चित्रण सुरू झालं तेव्हा इलायजा वुड अठरा वर्षांचा होता. त्याने काम उत्तम केलं, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण अठराव्या वर्षी घर सोडणं आणि पन्नासाव्या वर्षी घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुला आज हा फरक जाणवणार नाही, म्हणून सांगून ठेवते.

फ्रोडोला वाटेत पकडणाऱ्या सेनानी फॅरामिरबद्दल मी तुझ्या बाजूची आहे, पण तू लिहिलेल्या कारणासाठी नाही. जॅक्सन आणि त्याच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स यांच्यापुढची अडचण खरी होती. महाकाय कोळिणीचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या चित्रपटात नेला, त्यामुळे दुसऱ्या चित्रपटात फ्रोडो-सॅमच्या वाटेत शेवटी मोठा अडथळाच उरला नाही. शिवाय सगळ्यांना भुरळ घालणारी अंगठी हा माणूस सहज नाकारतो, हे पडद्यावर कसं पचवायचं? म्हणून त्यांनी त्याला मोहात पाडलं आणि फ्रोडोला ऑसगिलियाथ या पडक्या शहरापर्यंत ओढत नेलं. पण पुस्तकात तो ‘सहज’ नाकारतच नाही. ही वस्तू रस्त्याच्या कडेला पडलेली असली तरी मी उचलणार नाही, असं तो ती काय आहे हे नीट कळायच्या आधी बोलून बसतो. मग कळतं. क्षणभर तो उठून उभा राहतो, आणि वाचकाचा श्वास अडकतो. नंतर तो म्हणतो की मला तिची हाव असती तरी ते बोलणं मी शपथ मानली असती. इथे नाट्य दिलेल्या शब्दाचं आहे. ते उचलायला एक गुहा, तीन माणसं आणि चार मिनिटं पुरली असती. रेडिओवर तर मी ते आनंदाने केलं असतं.

टॉल्किनने स्वतः या बाबतीत काय म्हटलं, तेही वाच. 1958 साली त्याच्यापुढे एका चित्रपटाचा आराखडा आला होता. मॉर्टन ग्रेडी झिमरमन या लेखकाने तो केला होता. टॉल्किनने त्यावर सविस्तर पत्र लिहिलं, ते त्याच्या पत्रसंग्रहात आहे. प्रवासातली भाकरी, लेम्बास, तिला आराखड्यात कुठल्याशा आटवलेल्या खाद्याचं नाव दिलं होतं. तेवढ्यावरही तो कळवळून लिहितो. पण काटछाटीला त्याचा सरसकट विरोध नव्हता. कथानकाची मोडतोड झाली त्यापेक्षा पात्रं विकृत झाली तर मला अधिक लागेल, असं तो म्हणतो. चालत्या झाडांचे एन्ट आणि हॉर्नबर्ग किल्ल्यावरची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा नसेल तर एक काढा, आणि काढायची तर ती लढाई काढा, कारण ती मुख्य कथेला आनुषंगिक आहे, इतकं स्पष्ट त्याने लिहिलंय. आता जॅक्सनचा दुसरा चित्रपट आठव. त्याचा सगळा कळस म्हणजे तीच लढाई. पुस्तकात ती एका प्रकरणात आटोपते. तुझ्या यादीत या लढाईबद्दल फक्त एल्फांची, त्या अमर जातीची, फौज पुस्तकात तिथे नव्हती एवढंच आहे. फौज आली की नाही याहून, चित्रपटाचं वजन एन्टांकडून तटबंदीकडे सरकलं ही गोष्ट कितीतरी मोठी आहे.

‘द हॉबिट’वर तू जे लिहिलंस ते मोजकं आणि बरोबर आहे, त्याला हात लावू नकोस. 1937 सालचं मुलांचं एक आटोपशीर पुस्तक, त्याचे 2012 ते 2014 मध्ये तीन चित्रपट झाले. तिथे गाळण्याची गरजच नव्हती, आणि तरी बिल्बो गर्दीत हरवला.

शायरच्या, हॉबिटांच्या मायभूमीच्या, शेवटाबद्दल मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तकात चौघे परत येतात तेव्हा गाव गुंडांच्या ताब्यात असतं. झाडं तोडलेली, जुनी गिरणी पाडून तिथे धूर ओकणारी नवी गिरणी. लहानपणी टॉल्किन राहत होता तो गावाकडचा भाग तो दहा वर्षांचा होण्याआधीच बकाल होत गेला, आणि या प्रकरणामागे ती आठवण आहे असं त्याने लिहून ठेवलंय. 1916 मध्ये तो पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतही होता. चित्रपटात गाव जसंच्या तसं असतं. चौघे गुत्त्यात बसतात, आजूबाजूला कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नाही, आणि ते एकमेकांकडे बघून पेले उचलतात. एका शब्दाशिवाय. पुस्तकात घर बदललंय. चित्रपटात घर तेच आहे, पण परतलेली माणसं त्यात मावत नाहीत. दुसरा शेवट हा पहिल्याची काटछाट आहे असं मला म्हणवत नाही. तो वेगळं काही म्हणतो आणि तेही खरं आहे. तरीही गिरणीचं प्रकरण नसल्याची रुखरुख माझी जात नाही. तुला काय वाटतं ते लिही, फक्त ‘मुख्य प्रकरण वगळले’ एवढ्यावर सोडू नकोस.

कामाचं थोडं. बेचाळीसमधले चार मुद्दे निवड. प्रत्येकासाठी आधी पुस्तकातलं प्रकरण मोठ्याने वाच, मनात नको. मग तो प्रसंग आवाज बंद करून बघ. मग पडदा झाकून नुसता ऐक. हॉवर्ड शोरच्या संगीताने किती वाक्यांची जागा भरून काढलीय ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. चित्रपट तू पुस्तकाच्या आधी पाहिला होतास, असं मागे म्हणाला होतास. ते लेखात कुठेच नाही. पहिल्या परिच्छेदात घाल. वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे आलेलं शायर चित्रपट जिथे चित्रित झाला त्या न्यूझीलंडच्या टेकड्यांचंच होतं, हे मान्य करून पुढे लिहिलंस तर वाचकाचा तुझ्यावर विश्वास बसेल.

चार मुद्द्यांत एक मी सुचवते. तिसऱ्या चित्रपटात वेढा पडलेल्या मिनास तिरिथ शहराचा दरवाजा फुटायच्या बेतात आहे, चौघांतला पिपिन भेदरून बसलाय, आणि गॅन्डाल्फ त्याला मरणापलीकडच्या प्रवासाबद्दल सांगतो : पावसाचा करडा पडदा मागे सरतो, शुभ्र किनारे दिसतात, त्यांच्यापलीकडे लांबवर हिरवा मुलूख. तू ‘हा संवाद पुस्तकात नाही’ असं लिहिलंस. तो आहे. शेवटच्या प्रकरणात फ्रोडोचं जहाज पश्चिमेकडे जातं, तिथे निवेदनात. आणि तिथेच म्हटलंय की बॉम्बाडिलच्या घरी पडलेल्या स्वप्नासारखंच हे दिसलं. ज्याला चित्रपटातून काढलं म्हणून तू चिडलास, त्याच्याच घरातलं स्वप्न एका भेदरलेल्या पोराला धीर द्यायला येऊन पोचलंय.

लेख सोबत परत पाठवतेय. समासात पेन्सिलीने खुणा केल्यात, सतराव्या मुद्द्यापाशी जरा जास्त. नवा खर्डा दिवाळीच्या आधी आला तर मला सावकाश वाचता येईल.

तुझी,
बाई