पुण्यात तलावाकाठी साप सुरक्षितपणे कसे पाहावेत?

पाषाण तलाव किंवा खडकवासल्याच्या काठावर हमखास भेटण्याजोगा साप म्हणजे दिवड, काही जण त्याला विरोळा म्हणतात. बिनविषारी आहे. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली दोन काळ्या तिरप्या रेघा. मासे आणि बेडूक खातो, म्हणून उथळ पाण्यात, काठच्या दगडांजवळ नजर ठेवा. सकाळच्या उन्हात तो अंग शेकताना दिसतो. डिवचला की मान चपटी करून उभा राहतो, आणि लोक नाग समजून त्याला मारतात. याचं फार वाईट वाटतं.

दुर्बीण न्या आणि निदान दोन-तीन मीटर लांबून बघा. दगड उलटू नका, हात लावू नका, फोटोसाठी काठीने हलवू तर नकाच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप पकडणं गुन्हा आहे.

खरी काळजी काठच्या गवताची. तिथे घोणस हा विषारी साप असू शकतो, तो रात्री जास्त फिरतो. घोट्यावर येणारे बूट घाला, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर चिरणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा.