चार वर्षांची गॅरंटी, दोन वर्षांची वॉरंटी

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न आणि सांगलीच्या वकीलताईंची उत्तरे

प्रश्न : वकीलताई, घरी इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरी घेतली. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या, चार वर्षांची गॅरंटी आहे." अडीच वर्षांतच बॅटरी बसली. आता तोच कार्ड पुढे करून म्हणतो, ही गॅरंटी नव्हे, वॉरंटी आहे आणि तीही २४ अधिक २४. नवी हवी तर निम्म्याहून जास्त पैसे भरा म्हणतो. बदलून देतात ती गॅरंटी आणि दुरुस्त करून देतात ती वॉरंटी, असं आमच्याकडे सगळे सांगतात. मग माझी कोणती? आणि मी फसलो का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : दादा, उत्तर तुमच्या कार्डावरच छापलेलं आहे, फक्त ते मथळ्यात नाही, खालच्या बारीक अक्षरांत आहे.

"बदलून ती गॅरंटी, दुरुस्ती ती वॉरंटी" हे मी हरभट रोडवर ऐकते, मिरजेत ऐकते आणि कोर्टाच्या आवारात चहा पिणाऱ्या पक्षकारांकडून तर कायमच ऐकते. दुकानदारीत ते पक्कं रुळलंय. बल्ब, होल्डर असल्या किरकोळ मालात पुष्कळदा घडतंही तसंच. पण आपल्याकडच्या कुठल्याही कायद्यात ही वाटणी केलेली नाही. तुमचंच कार्ड बघा. वर 'वॉरंटी' असं ठळक छापलंय आणि खाली लिहिलेलं असणार, की पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी सदोष निघाली तर मोफत बदलून देऊ. म्हणजे वॉरंटीच्या पोटात बदलून देणं आलंच की! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हे शब्द 'वॉरंटी किंवा गॅरंटी' असे जोडीनं येतात. नीट चाचणी न करता माल अमुक वर्षं टिकेल अशी वॉरंटी किंवा गॅरंटी लोकांना देणं ही तिथं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शब्द कोणता वापरला, याला महत्त्व नाही.

दोन्ही शब्दांचं मूळही एकच. जुन्या जर्मानिक बोलीतला शब्द फ्रेंचमध्ये शिरला. उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांनी त्याचा 'व' ठेवला, पॅरिसकडच्यांनी 'ग' केला आणि इंग्रजीनं दोन्ही रूपं उचलली. होस्टेलचा वॉर्डन आणि अल्पवयीन मुलाचा गार्डियन हीसुद्धा अशीच जोडी.

वाटा वेगळ्या झाल्या त्या कायद्यात, आणि त्याही दुकानदार सांगतो तशा नव्हेत. मालविक्रीचा आपला कायदा १९३० चा. त्यात वॉरंटी म्हणजे सौद्याच्या मुख्य हेतूला जोडून आलेलं दुय्यम वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागता येते, किमतीत कपात मागता येते, पण माल परत करून सौदाच मोडता येत नाही. मुख्य हेतूचं वचन मोडलं तर मात्र माल नाकारता येतो. त्या वचनाला हा कायदा 'कंडिशन' म्हणतो. तेव्हा "नाही चाललं तर परत आणून टाका" म्हणणाऱ्या दुकानदाराच्या डोक्यात जी गॅरंटी असते, तिच्या जवळ जाणारा कायद्यातला शब्द गॅरंटी नाहीच, कंडिशन आहे. गॅरंटी हा कायद्यात निराळाच प्रकार. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात बोलू, कारण घरं बसतात ती त्या गॅरंटीनं.

आता तुमची बॅटरी. २४ अधिक २४ मधले पहिले २४ महिने मोफत बदलीचे, पुढचे २४ 'प्रो-राटा'चे. प्रो-राटा म्हणजे वापर जितका जास्त, तितकी सूट कमी. ही सूट बहुधा एमआरपीवर धरतात, आणि गोम तिथंच आहे. समजुतीसाठी आकडे घेते. नव्या बॅटरीची एमआरपी १८,००० आणि तुमच्या महिन्याला सूट ३० टक्के, तर ५,४०० वजा जाऊन तुम्ही भरणार १२,६००. पण तीच बॅटरी जुनी देऊन बाजारात १४,००० ला मिळत असेल, तर चार वर्षांच्या त्या भारदस्त शब्दातून तुमच्या हाती पडले १,४००. तेव्हा पैसे भरण्याआधी दुसऱ्या एकदोन दुकानांत भाव विचारा. आणखी एक विचारून ठेवा : बदलून आलेल्या बॅटरीची मुदत नव्यानं सुरू होते, की जुन्या कार्डावरची उरलेलीच चालते? अनेक कंपन्यांत उरलेलीच चालते.

फसलात का, हे तुमच्या पावतीवर ठरेल. दुकानदारानं पावतीवर पेनानं का होईना, '४ वर्षे गॅरंटी' लिहून दिलं असेल, तर कंपनीच्या कार्डामागे त्याला लपता येणार नाही. ग्राहक कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या लांबरुंद आहे. विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्यात वस्तू उणी पडली तर तोही दोषच. तोंडी दावाही त्यात बसतो, पण तो सिद्ध करताना तुमची दमछाक होईल. त्यानं व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं असेल तर ते पुसू नका.

बॅटरीत नळाचं पाणी घातलं होतं का, हेही आठवून ठेवा. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, ही कार्डावरची अट असते आणि दावा फेटाळायला पहिल्यांदा तीच पुढे येते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात, कंपनीला वर्षभर तारखा करण्यात रस नसतो. नाहीच मिटलं तर लेखी नोटीस द्या आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. आपण अजून त्याला ग्राहक मंचच म्हणतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी तुम्हाला सांगलीच्या पुढं जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि "आज बघतो, उद्या बघतो" म्हणणारे दुकानदार तीच खातात. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे छापलेलं आवडणार नाही.

प्रश्न : ताई, माझा मित्र पतसंस्थेतून कर्ज काढतोय. मला गॅरंटर म्हणून सही मागतो. म्हणतो, "नुसती फॉर्मॅलिटी आहे, हप्ते मीच भरणार." वस्तूच्या गॅरंटीसारखंच हे काही असतं का? मी शिक्षक आहे, पगार खात्यावर जमा होतो.
– एक वाचक, कराड

उत्तर : सर, तुमचा पगार खात्यावर जमा होतो, म्हणूनच तुमची सही मागितली आहे.

कायद्यातली खरी गॅरंटी ती हीच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे गॅरंटीच्या करारात माणसं तीन लागतात : पैसे देणारा, घेणारा आणि घेणाऱ्यानं नाही फेडले तर मी फेडीन म्हणणारा. वॉरंटीला दोघं पुरतात, कारण तिथं विकणारा स्वतःच्या मालाबद्दल बोलतो. गॅरंटीत तुम्ही दुसऱ्याच्या वागण्याबद्दल बोलता. मराठीत याला 'जामीन राहणं' हे रोखठोक नाव आहे, पण हल्ली कोणी "जामीन राहतोस का" असं विचारत नाही. गॅरंटर म्हटलं की कागद हलका वाटतो.

पुढचं कलम १२८ सही करण्याआधी वाचावं. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी त्याच्या दारात जा, तो बुडाला तर माझ्याकडे या," असं तुम्हाला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे : धनकोनं, म्हणजे कर्ज देणाऱ्यानं, आधी कर्जदाराच्या मागं लागून दमावं आणि मगच जामीनदाराकडं वळावं, अशी सक्ती केली तर जामीन घेण्यात अर्थच उरणार नाही. आणि वसुली करणाऱ्याच्या बाजूनं विचार करा. कर्जदाराचा धंदा बसलेला, फोन बंद. जामीनदार शिक्षक, पत्ता कायम, पगार एक तारखेला. तुम्ही कोणाकडं गेला असता?

पतसंस्था असेल तर आणखी एक गोष्ट. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो, त्यासाठी दिवाणी दावा लढत बसावं लागत नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या गावांत 'एकशे एकची नोटीस' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या नोटिशीत कर्जदाराच्या नावाखाली जामीनदारांची नावं असतात. माझ्याकडं ती घेऊन येणाऱ्यांत कर्जदार कमी आणि जामीनदार जास्त. येतात ते एकच वाक्य घेऊन : "मी फक्त सही केली होती."

तुम्ही पैसे भरलेत तर पुढं कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला कायदा देतो. धनकोकडं तारण असेल तर त्याचे हक्कही तुमच्याकडं येतात. कागदावर हे उत्तम आहे. ज्याच्याकडून संस्थेला मिळालं नाही, त्याच्याकडून तुम्हाला कितपत मिळेल, ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला न विचारता संस्था आणि कर्जदार यांनी कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यापुढच्या व्यवहारातून तुम्ही सुटू शकता. मात्र छापील फॉर्ममध्ये बहुतेक वेळा अशा बदलांना तुमची आगाऊ संमती घेऊन ठेवलेली असते.

एवढं ऐकूनही मित्रासाठी सही करायचीच असेल, तर तीन गोष्टी बघा. रक्कम कोरी नको. कर्ज मुदतीचं आहे की कॅश क्रेडिटचं, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायचे आणि भरायचे असं, हे विचारा, कारण कॅश क्रेडिटला तुमची गॅरंटी वर्षानुवर्षं चालू राहते. ती पुढच्या उचलीपुरती लेखी कळवून थांबवता येते, मागची बाकी मात्र राहतेच. आणि करारपत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. हे कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसू शकतं. उद्या स्वतःच्या घरासाठी बँकेत गेलात की ते निघेल. मला विचाराल तर, मित्राला झेपेल तेवढे पैसे हातउसने द्या. बुडाले तर किती बुडाले ते तरी कळतं.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात नमुना पाहून हळद घेतली. पोती घरी फोडली तर आतला माल वेगळा, बुरा जास्त. व्यापारी म्हणतो, "गॅरंटी कुठं दिली होती?"
– एक मसालाउद्योजक, कोरेगाव

उत्तर : द्यावी लागत नाही. माझे वडील गणपती पेठेत अडतीवर दिवाणजी होते, ओंजळभर नमुन्यावर गाडीभर मालाचा सौदा होताना मी लहानपणी पाहिलाय. त्या सौद्यात गॅरंटी आणि वॉरंटी हे दोन्ही शब्द कोणी उच्चारत नसे. १९३० च्या कायद्याचं कलम १७ सांगतं, की नमुन्यावर विक्री झाली तर सगळा माल नमुन्याबरहुकूम असणं ही कंडिशनच आहे, बोलला नाहीत तरी. आणि कंडिशन मोडली तर माल नाकारता येतो, हे वर आलंच. मात्र लगेच कळवा. माल वापरायला घेतलात किंवा बराच काळ गप्प बसलात, तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं आणि मग फक्त भरपाई उरते. नमुन्याची पुडी जपून ठेवलीय ना? उरलेली पोती न फोडता ठेवा. दुसरं असं, की तुम्ही विकण्यासाठी घेतलेला माल असल्यानं ग्राहक आयोगाचं दार तुम्हाला सहसा उघडणार नाही. जायचं ते बाजार समितीकडं किंवा दिवाणी कोर्टात. लहान प्रमाणावर, केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी करत असाल तर अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो.

प्रश्न : कुकरवर 'लाइफटाइम गॅरंटी' लिहिलंय. लाइफ कोणाची, माझी की कुकरची?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची तर नक्कीच नाही. कार्डावर व्याख्या शोधा, कुठंतरी वर्षांचा आकडा सापडेल. गॅस्केट, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्यातून वगळलेले असण्याची शक्यता दाट.

प्रश्न : आमचं घर नदीकाठच्या भागात आहे. नवीन फ्रीजला पाच वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून दुकानदार मागं लागलाय. पुन्हा पूर आला तर ती उपयोगी पडेल का?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, पुरासाठी घेत असाल तर नका घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर एकजात चिखलात गेले. लोक वॉरंटीची कार्डं उन्हात वाळवून दुकानांत घेऊन गेले. वॉरंटी वस्तूत मूळचा दोष असेल तर लागू होते. पूर, वीज कोसळणं, व्होल्टेज कमीजास्त होणं हे बहुतेक कार्डांवर अपवादांत असतं. एक्स्टेंडेड वॉरंटीतही हे अपवाद बहुधा तसेच राहतात, वाढते ती मुदत.

बाहेरून येणाऱ्या संकटासाठी विमाच लागतो. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घराच्या विम्याची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तिच्यात पूर धरलेला आहे. इमारतीचा विमा उतरवला, तर घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. भाड्यानं राहत असाल तर नुसत्या सामानाचाही उतरवता येतो. फ्रीजची पावती आणि मॉडेल नंबरचा फोटो मोबाइलवर काढून बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा. पाणी ओसरल्यावर तलाठ्याचा पंचनामा होईल, त्याची प्रत मागून घ्या आणि विमा कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत भिजलेला फ्रीज भंगारवाल्याला देऊ नका.