रिटर्न बिचारा निर्दोष आहे

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी प्रोग्रॅमच्या वर 'डीबग' मॅक्रो डिफाइन केला की सगळं चालतं. ती ओळ कॉमेंट केली की जीसीसी कंपायलर मेन फंक्शनमधल्या शेवटच्या 'रिटर्न ०' वर एरर दाखवतो. ती ओळ तीनदा पुन्हा टाइप केली. काय चुकतंय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आणखी तीनदा टाइप केलीस तरी काही होणार नाही. तू पाठवलेल्या कोडमध्ये 'हॅश इफडेफ डीबग' (म्हणजे डीबग डिफाइन असेल तरच पुढच्या ओळी ठेव) च्या खाली 'इफ'चा महिरपी कंस उघडतो, मग प्रिंटएफ, आणि लगेच ती अट संपवणारा 'हॅश एन्डइफ'. कंस बंद होतो तो त्याच्याही खाली. कंपायलरच्या आधी कोड चाळणाऱ्या प्रीप्रोसेसरला कंसबिंस कळत नाहीत, तो फक्त ओळी ठेवतो किंवा गाळतो. डीबग नसला की उघडणारा कंस गळतो, बंद करणारा उरतो आणि मेन तिथेच संपतो. रिटर्न पडतो फंक्शनच्या बाहेर, उघड्यावर. एन्डइफ एक ओळ खाली, बंद कंसानंतर घे.

खात्री हवी तर जीसीसीला 'मायनस कॅपिटल ई' देऊन चालव. 'एसटीडीआयओ डॉट एच' या हेडर फाइलमुळे शेकडो ओळी धावतील, घाबरू नकोस. शेवटच्या वीसेक वाच. कंपायलरला तुझा कोड कसा दिसतो ते तिथे कळतं. माझा स्वतःचा एकदा अख्खा रविवार गेला होता, कारण हरवलेला एन्डइफ हेडर फाइलमध्ये होता आणि मी शोधत होतो मेनमध्ये.