आतलं किती सांगायचं?

सप्रेम नमस्कार,

आपल्या एसएमएस पाठवण्याच्या सेवेच्या ग्राहकांसाठीच्या गाइडचा तुझा मसुदा वाचला, समासातले शेरेही वाचले. सेवा आतून कशी चालते हे त्यात किती लिहायचं, यावरच सगळा वाद आहे. मॅनेजर म्हणतात, "आतलं काहीही नको, कस्टमरला काय करायचंय?" डेव्हलपर म्हणतो, "क्यूचं (मेसेजच्या रांगेचं) नाव चुकलंय, ती आपण मागेच बदलली." आणि तू विचारतेस, कुणाचं ऐकू? सरसकट कुणाचंच ऐकू नकोस. डेव्हलपरच्या शेऱ्यातून एक पुरावा मात्र आयता हाती आलाय : गाइड बाहेर पडायच्या आधीच त्यातलं एक वाक्य शिळं झालं.

वादाचा तो परिच्छेदच घेऊ. मेसेज क्यूत जातो, चार वर्कर (रांगेतले मेसेज पुढे पाठवणारे प्रोग्राम) तो उचलतात, मजकूर यूसीएस-२ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) बदलला जातो आणि मग ऑपरेटरकडे रवाना होतो. सगळं आतलंच. पण सगळ्याला एकच कात्री लावता येणार नाही.

क्यूचं नाव काढ, पण मध्ये क्यू आहे हे राहू दे. आपल्या एपीआयने (ग्राहकाचा प्रोग्राम ज्यातून आपल्याला मेसेज देतो त्या जोडणीने) 'स्वीकारला' असं उत्तर दिलं म्हणजे मेसेज पोचला असं नव्हे, हे ग्राहकाला त्याशिवाय उमजणार नाही आणि सपोर्टचा फोन वाजत राहील. वर्कर चार की चाळीस, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. मात्र एकाहून जास्त वर्कर असल्याने मेसेज पुढे-मागे होऊ शकतात, याच्याशी आहे. कुणी घाईत दोनदा ओटीपी मागवला आणि दुसरा आधी पोचला, तर नंतर आलेला ओटीपी टाकून तो बसेल चरफडत. तेव्हा 'पाठवलेल्या क्रमानेच मेसेज पोचतील याची हमी नाही' एवढं लिही, वर्करचं नावही काढू नकोस.

एन्कोडिंगचं काय? इथे मॅनेजरांशी मी भांडेन. समज, एखादी शाळा पालकांना मराठीतून सूचना पाठवते आणि महिनाअखेरीस बिलात मेसेज दुप्पट दिसतात. तिथला क्लार्क आपल्यावरच संशय घेणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट (एक बाइट म्हणजे ८ बिट) मावतात. साधं इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट लागतात, म्हणून ७०. एकाहत्तरावं आलं की मेसेजचे दोन तुकडे होतात आणि जोडणीच्या माहितीत ६ बाइट गेल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. मोजणीही आपल्या डोळ्यांसारखी नाही : 'क्षमस्व' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, हिशेबात तो सात भरतो, कारण पाय मोडल्याची खूणही वेगळी धरली जाते. इंग्रजी मजकुरात एक 'श्री' घातला तरी आपल्याकडे अख्खा मेसेज ७० च्या मापाने मोजला जातो. हे बिलावर उमटतं, मग ते आतलं कसलं? ७०, ६७ आणि 'क्षमस्व', तिन्ही गाइडमध्ये हवेत. यूसीएस-२ हे नाव एपीआय रेफरन्समध्ये जाऊ दे. क्लार्कला त्याची गरज नाही, प्रोग्रामरला पडेल.

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या माहितीत, पासवर्ड हॅश करण्याच्या (मूळ पासवर्ड ओळखता येणार नाही अशा रूपात बदलण्याच्या) पानावर असाच एक इशारा आहे : त्यासाठी बीक्रिप्ट ही पद्धत वापरलीत तर ७२ बाइटच्या पुढचा पासवर्ड कापला जाईल. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरी चिन्ह ३ बाइटांचं, म्हणजे चोवीस चिन्हांनंतर काहीही टाइप करा, फरक पडत नाही. अल्गोरिदमची खोड आहे म्हणून हे झाकून ठेवलं असतं तर?

म्हणून ऊठसूट सगळंच लिहायचं असंही नाही. लिहिलेलं लोक वचन समजतात. कधीकधी न लिहिलेलंही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.६ आवृत्तीत (डिसेंबर २०१६) डिक्शनरीची (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साठ्याची) रचना मेमरी वाचवण्यासाठी बदलली आणि ओघाने नोंदी घातलेल्या क्रमाने टिकू लागल्या. हा अंमलबजावणीचा तपशील आहे, यावर विसंबू नका, असं रिलीजच्या टिपणात स्पष्ट लिहिलं होतं. तरी २०१८ च्या ३.७ मध्ये तोच क्रम भाषेची हमी म्हणून स्वीकारला गेला. गो या दुसऱ्या भाषेच्या मंडळींनी उलटा रस्ता धरला : २०१२ च्या गो १ मध्ये मॅपवरून (तिथल्या डिक्शनरीवरून) फिरण्याचा क्रम मुद्दाम बेभरवशाचा केला, म्हणजे कुणी विसंबायचं म्हटलं तरी जमणार नाही. मला हा दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. 'विसंबू नका' हे वाक्य कागदावर स्वस्त पडतं. ते खरोखर हवं असेल तर कोडमध्येच तसं करायला डेव्हलपरला सांग. ते तो करणार नसेल, तर तुझी चौकटीतली ठळक टीप फारसं काही वाचवणार नाही.

आता ओळी चाळताना स्वतःला एवढंच विचार : हे उद्या बदललं तर ग्राहकाला कळवावं लागेल का? लागणार असेल तर त्याला जे दिसेल ते लिही. नसेल तर ते टीमच्या विकीवर टाक. फेकू नकोस, तिथे त्याला वाचक आहेत.

राहिली शेवटून दुसरी ओळ, 'मेसेज न पोचल्यास ७२ तास पुन्हा प्रयत्न केला जातो'. हा आकडा तू कुठून घेतलास? कॉन्फिग फाइलमधून घेतला असशील तर ती आजची सेटिंग आहे, हमी नव्हे. 'किमान इतके तास' म्हणून कोणता आकडा देऊ शकता, हे डेव्हलपर आणि मॅनेजर दोघांना एकत्र बसवून विचार. तो मिळेपर्यंत जागा कोरी ठेव. 'काही काळ' असं मोघम लिहून वेळ मारून नेऊ नकोस. उत्तर आलं की मसुदा परत पाठव.