धातूचा पॅनल पुठ्ठ्यासारखा का दिसतो

तुमचं चित्र पाहिलं. म्युझिक प्लेअरसाठी घासलेल्या पोलादाचा पॅनल करायचा होता. नॉईज (बारीक दाणे) टाकलात, मोशन ब्लर (एकाच दिशेला ओढलेला धूसरपणा) मारलात, बटणांना बेव्हल (उठावाची कड) दिलात, आणि तरी सगळं 'राखाडी पुठ्ठ्यासारखं' दिसतंय अशी तुमची तक्रार आहे. पुठ्ठा हा शब्द अगदी चपखल आहे. टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचा पोत, तुमचं बरं जमलंय, घोडं पेंड खातंय ते उजेडापाशी.

पुठ्ठा त्याच्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखरून टाकतो. धातू तो परत फेकतो. म्हणजे धातूवर आपल्याला दिसतं ते बहुतेक समोरचंच काहीतरी असतं: खिडकी, दिवा, नाहीतर खोलीतला अंधारा कोपरा. म्हणून एकाच पत्र्यावर जवळजवळ पांढरा आणि चांगलाच गडद असे दोन्ही टोन हातभर अंतरात नांदतात. तुमच्या पॅनलवर आयड्रॉपर (रंग मोजायचं साधन) फिरवून पाहिला, तर ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात सगळीकडे १५० ते १७० च्या दरम्यानचेच आकडे मिळाले. एवढ्याशा फरकात धातू उभाच राहत नाही. ९० पासून २३० पर्यंत बिनधास्त जा.

आता ग्रेडियंटची, म्हणजे एका छटेतून दुसरीत हळूहळू जाणाऱ्या रंगाची दिशा. तुम्ही वर उजळ, खाली गडद असा ग्रेडियंट दिलाय. बहुतेक जण तेच करतात, मीही बरीच वर्षं तेच करत होतो. पण लिफ्टमधल्या घासलेल्या स्टीलच्या भिंतीकडे एकदा नीट बघा. चरे आडवे असतील तर दिव्याची चकाकी उभी ताणली जाते, चऱ्यांना काटकोनात. तेव्हा आडव्या चऱ्यांच्या पॅनलवर उजेडाचे उभे पट्टे हवेत. डावीकडून उजवीकडे गडद, उजळ, मध्यम, पुन्हा थोडं उजळ, आणि पट्ट्यांची रुंदी मुद्दाम असमान. हा ग्रेडियंट वेगळ्या लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) घेऊन तो थर सॉफ्ट लाईट या मिश्रणप्रकारात टाका. एवढ्या एका बदलाने निम्मा पुठ्ठा जातो.

टेक्श्चरची फोटोशॉपमधली कृती तुम्हाला येतेच: मध्यम राखाडी, ॲड नॉईजमध्ये गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक, मग शून्य अंशाचा मोशन ब्लर, शेवटी लेव्हल्सने उजळ-गडदमधला फरक थोडा ताणायचा. जिंप या दुसऱ्या चित्रप्रोग्रॅममध्ये लिनिअर मोशन ब्लर वापरा, काम तेच होतं. मात्र तुमच्या पॅनलच्या दोन्ही कडांना लांबुळके डाग आलेत. कडेपलीकडे पिक्सेल नसतात, त्यामुळे ब्लर कडेचाच पिक्सेल ओढत बसतो. कॅनव्हास दोन्ही बाजूंनी ब्लरच्या अंतराहून मोठा घ्या आणि नंतर कापा. पॅनल वाटेल तेवढा रुंद करायचा असेल तर आणखी एक युक्ती: नॉईजचा तुकडा शेजारी शेजारी तीनदा ठेवा, तिन्हींवर एकत्र ब्लर मारा आणि मधला तुकडा कापून घ्या. तो आडवा कितीही वेळा जोडा, सांधा दिसत नाही.

व्हॉल्यूमच्या नॉबवर मात्र थोडं थांबू या, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. लेथवर घासलेल्या चकतीवर चरे गोल असतात, त्यामुळे चकाकीला पंख्यासारखी दोन पाती फुटतात, समोरासमोर. उजेड वरून असेल तर एक पातं वर, एक खाली. फोटोशॉपमध्ये नॉईजवर रेडियल ब्लर, स्पिन, आणि त्यावर अँगल ग्रेडियंट (केंद्राभोवती फिरत जाणारा). जिंपमध्ये सर्क्युलर मोशन ब्लर आणि कोनिकल ग्रेडियंट. माझा पहिला नॉब असाच झकास झाला होता. मग तो प्रोग्रॅममध्ये बसवला, अख्खं चित्र फिरवलं, आणि नॉबबरोबर चकाकीही गोल फिरायला लागली! जणू कुणीतरी दिवा हातात धरून नॉबभोवती फेऱ्या मारतंय. खरा नॉब फिरतो तेव्हा चकाकी जागच्या जागी राहते, फिरते ती फक्त खूण. म्हणून चकती एका लेयरवर स्थिर ठेवा आणि पांढरी रेघ किंवा खाच तेवढी वेगळ्या लेयरवर फिरवा.

ओघाने आलंच आहे तर, नॉब माऊसने गोल फिरवायला लावू नका. १९९९ साली ॲपलच्या क्विकटाईम ४ च्या प्लेअरला असाच घासलेल्या धातूचा साज होता आणि आवाजासाठी बोटाने सरकवायचं चाक होतं. त्यावर भरपूर टीका झाली आणि पुढे तिथे साधा स्लायडर आला. दिसायला नॉब असू द्या, पण ओढायचा वर-खाली.

कडांकडे वळू. बेव्हल अँड एम्बॉस ही लेयर स्टाईल (थराला आपोआप मिळणारा परिणाम) ज्या मापाने येते त्या मापाने वापरली की बटणं साबणाच्या वड्यांसारखी फुगतात. पत्र्याची कड धारदार असते. वरच्या कडेला एक पिक्सेल उजळ रेघ, खालच्या कडेला एक पिक्सेल गडद, बास. दोन भागांमधली फट याच्या उलट: आधी गडद रेघ, तिच्या लगेच खाली उजळ. तुमच्याकडे बटणांवर उजेड डावीकडून येतोय आणि नॉबवर उजवीकडून. प्रत्येक लेयर स्टाईलमध्ये 'यूज ग्लोबल लाईट' (सगळीकडे उजेडाची एकच दिशा) चालू आहे का ते तपासा. बटणांना चऱ्यांची दिशाही वेगळी द्या, पॅनलवर आडवे तर बटणांवर उभे. मग बाह्यरेषा काढायची गरजच उरत नाही. बटण दाबलेलं दाखवताना बाहेरची सावली काढा, आत वरच्या बाजूने सावली द्या आणि चिन्ह एक पिक्सेल खाली सरकवा.

अक्षरं. मध्यम राखाडीवर पांढरी अक्षरं देखणी दिसतात पण नीट वाचता येत नाहीत. १२८ च्या राखाडीवर पांढऱ्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं माप) ४:१ सुद्धा भरत नाही, काळ्याचं ५:१ च्या वर जातं. साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं. तेव्हा गडद अक्षरं घ्या आणि खाली एक पिक्सेल फिकट सावली द्या, म्हणजे ती कोरल्यासारखी दिसतील. आणि उजेडाचा एखादा पट्टा अक्षरांखालून जात असेल तर पट्टा सरकवा, अक्षरं नाही.

दुप्पट पिक्सेल-घनतेच्या पडद्यासाठी हेच चित्र ताणून मोठं करू नका. चरे जाड होतात आणि पत्रा लाकडासारखा दिसायला लागतो. त्या मापाला नॉईज नव्याने टाका.

राहता राहिले कोपऱ्यातले चार स्क्रू. एकच स्क्रू चार ठिकाणी चिकटवलाय हे लगेच कळतं, कारण चौघांच्या खाचा एकाच कोनात आहेत. खाचा वेगवेगळ्या फिरवा, पण नॉबचं लक्षात ठेवून: फक्त खाच फिरवायची, डोक्यावरची चकाकी नाही. आणि खाचेच्या कडांचा उजळ-गडद फिरवल्यानंतर हाताने पुन्हा काढा, लेयर स्टाईल चित्रात कायमची मिसळून मग फिरवलीत तर उजेड पुन्हा चार दिशांनी येईल.